'द इनोसंट्स' : कोणी काय पाहिलं, याची नोंदवही

६ जुलै

पुढच्या महिन्याच्या अखेरीस अभ्यासगटात 'द इनोसंट्स' दाखवायचा आहे. दिग्दर्शक जॅक क्लेटन, साल १९६१, ब्रिटिश, कृष्णधवल. प्रसंगवार तक्ता करण्याचं काम मी मागून घेतलं. या चित्रपटावरची चर्चा दर वेळी एकाच जागी रुतते: भुतं खरी, की बाईंच्या डोक्यातली? हात वर करून मतं मोजली जातात, दोन तट पडतात आणि पडद्यावर नेमकं काय दिसलं होतं ते बाजूलाच राहतं. मला ते आधी लिहून काढायचं आहे.

गटात ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. लंडनमध्ये चैनीत राहणारा एक श्रीमंत काका आपल्या पोरक्या पुतण्याची आणि पुतणीची सगळी जबाबदारी मिस गिडन्सवर टाकतो. गव्हर्नेस, म्हणजे घरात राहून मुलांना शिकवणारी आणि सांभाळणारी बाई, म्हणून तिची ही पहिलीच नोकरी. काकाची अट अशी की काहीही झालं तरी त्याला त्रास द्यायचा नाही. ब्लाय नावाच्या आडबाजूच्या मोठ्या घरात लहानगी फ्लोरा आहे, घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोस आहेत, आणि लवकरच शाळेतून काढून टाकलेला माइल्सही तिथे येतो. मग गिडन्सला दोन माणसं दिसू लागतात. एक पीटर क्विंट, काकाचा खासगी नोकर. दुसरी मिस जेसल, आधीची गव्हर्नेस. दोघंही मेलेली आहेत.

तक्त्यात 'खरं' आणि 'भास' असे रकाने ठेवणार नाही. रकाने असे: भूत दिसण्याच्या लगेच आधी पडद्यावर कोण होतं, तिथे आणखी कोण हजर होतं, गिडन्सला तोवर काय माहीत होतं, आणि ते नाहीसं झाल्यावर मागे काय राहिलं.

९ जुलै

आज मूळ कथेकडे. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' १८९८ साली 'कॉलिअर्स वीकली'त क्रमशः आली. बीज त्याला कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांच्या तोंडून मिळालं होतं. जानेवारी १८९५च्या त्याच्या टिपणात ते आहे: दुष्ट नोकरांच्या हाती सोडलेली मुलं, आणि मेल्यावरही त्या मुलांना आपल्याकडे ओढणारे ते नोकर. त्या टिपणात भुतांबद्दल शंकेला जागा नाही. शंका आली ती कथा लिहिताना, कारण जेम्सने ती गव्हर्नेसच्याच हस्तलिखितातून सांगितली. जे घडलं ते तिच्या शब्दांत, तिने निवडलेल्या क्रमाने. १९३४ साली समीक्षक एडमंड विल्सनने फ्रॉइडचा आधार घेऊन मांडलं की ही भुतं तिच्या दडपलेल्या वासनेतून आलेली आहेत. तेव्हा पेटलेला वाद अजून विझलेला नाही.

कथेत मुलांचे आईवडील हिंदुस्थानात वारलेले आहेत, वडील सैन्यातले. उल्लेख ओझरता आहे, पण मी वाचताना दर वेळी तिथे थांबतो. साम्राज्याच्या एका टोकाला आईबाप जातात आणि दुसऱ्या टोकाला त्यांची मुलं एका प्रचंड घरात नोकरांच्या भरवशावर राहतात. काकाला वेळ नाही. भुतं येण्याच्या कितीतरी आधी या मुलांना कोणीच उरलेलं नाही.

सिनेमाची अडचण अशी की त्याच्याकडे हस्तलिखित नाही. कॅमेऱ्याने भूत दाखवलं की प्रेक्षक म्हणणार, मीही पाहिलं. विल्यम आर्चिबाल्डने १९५० साली या कथेचं नाटक केलं, त्यात भुतं सरळसरळ भुतं होती. क्लेटनला शंका जिवंत ठेवायची होती, म्हणून त्याने लेखक ट्रूमन कपोटीकडून पटकथा नव्याने लिहून घेतली. पटकथेचं श्रेय आर्चिबाल्ड आणि कपोटी दोघांना आहे, जादा संवाद जॉन मॉर्टिमरचे. बाहेरची दृश्यं ससेक्समधल्या शेफील्ड पार्कला, आतली शेपर्टन स्टुडिओत.

१४ जुलै

सुरुवात पूर्ण काळ्या पडद्याने होते. निर्मितीसंस्थेचं बोधचिन्हसुद्धा अजून आलेलं नाही, आणि अंधारात एक कोवळा आवाज गातो आहे. चाल जॉर्ज ऑरिकची, शब्द पॉल डेनचे. मग बोधचिन्ह, मग श्रेयनामावली, आणि तिच्या बाजूला प्रार्थनेत गुंफलेले दोन हात. पक्षी बोलत असतात, हुंदके ऐकू येतात. आपल्याला मुलांना वाचवायचं होतं, त्यांचा नाश करायचा नव्हता, असं गिडन्स स्वतःशीच म्हणते.

म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधी संपलेली आहे. हा शॉट तक्त्यात पहिल्या ओळीच्याही वर टाकला. यापुढे जे दिसणार ते त्या हातांच्या मालकिणीची आठवण असू शकतं. जेम्सच्या हस्तलिखिताला क्लेटनने शोधलेला हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी त्याला निवेदकाचा आवाज वापरावा लागलेला नाही.

लगेच पुढच्या प्रसंगात काका मुलाखत घेतो आहे. मायकेल रेडग्रेव्हने हा माणूस इतका लाघवी केला आहे की त्याची बेपर्वाई आपल्याला उशिरा जाणवते. तो गिडन्सला विचारतो, तुम्हाला कल्पनाशक्ती आहे का? ती लगेच हो म्हणते. गिडन्स झालेली डेबोरा कर या वेळी चाळिशीच्या आसपास होती, जेम्सची गव्हर्नेस विशीची. या वाढलेल्या वयाने त्या उत्सुक होकाराला वेगळं वजन येतं. ही बाई या नोकरीची फार वर्षं वाट पाहत होती असं वाटत राहतं.

ब्लायच्या फाटकाशी ती गाडीतून उतरून चालत निघते. ऊन, झाडं, तळं. कोणीतरी 'फ्लोरा' अशी हाक मारतं. हाक मारणारं कोणी दिसत नाही. तक्त्यातली ही पहिली खरी नोंद, आणि ती कानाची आहे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायची गोष्टही याच भागात सापडली. माइल्स येणार, असं फ्लोरा सांगते, आणि त्याला शाळेतून काढल्याचं पत्र त्यानंतर येतं. सगळा खेळ गिडन्सच्या मनाचा मानणाऱ्यांना या मुलीचं उत्तर द्यावं लागेल.

१५ जुलै

मनोऱ्याचा प्रसंग. गिडन्स बागेत पांढरे गुलाब कापते आहे. झुडपांत एका बालदेवदूताचा दगडी पुतळा, आणि त्याच्या तोंडातून एक किडा बाहेर येतो. त्याच सुमारास बागेतले सगळे आवाज गळून पडतात. ती वर पाहते: मनोऱ्यावर, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, एक पुरुष उभा. ती धावत वर जाते तर तिथे माइल्स कबुतरांशी खेळतो आहे. आपल्याशिवाय इथे कोणी नव्हतं, असं तो सांगतो.

आधी पडद्यावर कोण: गिडन्स. आणखी कोण: माइल्स, आणि तो नाकारतो. चेहरा: दिसला नाही. हे शेवटचं जाड अक्षरात लिहिलं आहे, पुढे लागणार आहे.

आवाज गळून पडणं हीसुद्धा तिच्या बाजूची साक्ष आहे. बाग गप्प होत नाही, तिचं ऐकणं थांबतं, असंही म्हणता येईल, आणि आपणही तिच्याच कानांनी ऐकत असतो. चित्रपटातले इलेक्ट्रॉनिक ध्वनी डॅफ्नी ओरॅमने केले. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही, आमच्या टिपणात असलंच पाहिजे.

२० जुलै

आज दिवसभर माळ्यावरचा प्रसंग आणि त्याला लागून येणारी खिडकी. माझ्या मते सगळ्या चित्रपटाचं कुलूप इथे आहे.

लपाछपी चालली आहे, राज्य गिडन्सवर. मुलांना शोधत ती माळ्यावर जाते. अडगळीत एक म्यूझिक बॉक्स सापडतो आणि त्यात एका पुरुषाचं छोटं चित्र, वरची काच तडकलेली. तेवढ्यात मागून माइल्स येऊन तिच्या गळ्याला मिठी मारतो आणि ती मिठी खेळाच्या मानाने जास्तच घट्ट होत जाते. मग लपायची पाळी तिची. ती खाली येऊन पडद्याआड उभी राहते, आणि बाहेरच्या अंधारातून एक चेहरा सावकाश काचेजवळ येतो. पीटर विनगार्डचा क्विंट. यानंतर ती मिसेस ग्रोसना त्याचं वर्णन सांगते आणि त्या ओळखतात.

जेम्सच्या कथेत हे वर्णन फार मोठा पुरावा आहे. तिथे गव्हर्नेसने क्विंटला कधी पाहिलेलं नाही, त्याची तसबीर पाहिलेली नाही, तरी ती त्याचे लाल कुरळे केस आणि फिकट चेहरा यांचं असं नेमकं वर्णन करते की ऐकणारी बाई नाव सांगते. विल्सनच्या विरोधकांनी हाच मुद्दा लावून धरला: भास असता तर न पाहिलेला माणूस हुबेहूब कसा सांगितला असता?

चित्रपटाने एक छोटं चित्र माळ्यावर ठेवून हा पुरावा काढून घेतला. आता ती चेहरा कुठून आणते ते आपल्याला माहीत आहे. पण इथे थांबलं तर चित्रपट सरळ 'भास' बाजूला झुकला असता, आणि तो झुकत नाही. कारण मनोरा चित्राच्या आधी आहे. म्हणून मी क्रम वेगळ्या कागदावर लिहून भिंतीवर लावला: मनोऱ्यावर माणूस, चेहरा नाही. माळ्यावर चेहरा, माणूस नाही. खिडकीत दोन्ही. चित्रामुळे खिडकीचा उलगडा होतो, मनोऱ्याचा होत नाही. मनोऱ्यावर कोणीतरी होतं, पण तो क्विंट होता हे ठरत नाही. या तिन्हींपैकी कोणताही एक प्रसंग इकडचा तिकडे केला तर निकाल लागून जाईल. संदिग्धता म्हणजे काहीतरी मोघम सोडून देणं, असा समज असणाऱ्यांना मी हा कागद दाखवणार आहे. यात मोघम काहीच नाही. घड्याळजीने चाकं बसवावीत तसं हे बसवलेलं आहे.

२७ जुलै

तळ्याकाठचा प्रसंग. फ्लोरा तेच सुरुवातीचं गाणं गुणगुणते आहे. गिडन्सचा चेहरा बदलतो. मग पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली एक बाई उभी दिसते, भर दिवसा, दूर, निश्चल. क्लायटी जेसपने ही भूमिका केली आहे. रंगभूषेचा बडेजाव नाही, कॅमेरा जवळ धावत जात नाही. मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत जास्त भीती या शॉटची वाटते.

पहिला रकाना भरत गेलो तसं एक गोष्ट ठळक झाली आहे: जवळपास दर वेळी आधी गिडन्सचा चेहरा येतो आणि मग भूत. नेहमीच्या भयपटात उलट असतं, प्रेक्षकाला आधी दिसतं आणि पात्राला नंतर. इथे आपण तिच्या प्रतिक्रियेच्या मागून जातो. ती घाबरली म्हणून आपण तिकडे पाहतो.

गटातली एक मैत्रीण मालवणकडची. तिला हा तुकडा दाखवला. ती म्हणाली, "आमच्या गावी भूत आहे की नाही असं कोणी विचारीतच नाही रे. कोणाला लागलंय, एवढंच बघतात." मग तिने पडद्यावरच्या गिडन्सकडे बोट दाखवलं. तिचं म्हणणं मी जसंच्या तसं टिपणात घेतलं आहे.

फ्लोरा आपण काही पाहिलं असं कबूल करत नाही. गिडन्सच्या लेखी याचा अर्थ एकच: ती लपवते आहे. इथून पुढे तिच्या तर्काला बाहेर पडायला वाट राहत नाही. मुलांनी हो म्हटलं तर पुरावा, नाही म्हटलं तर त्याहून मोठा पुरावा. नंतर पावसात, याच तळ्याकाठी, ती फ्लोराला पाहायला आणि कबूल करायला भाग पाडते. मुलगी किंचाळत सुटते. मिसेस ग्रोस तिथे येतात आणि त्यांना कोणीही दिसत नाही.

२ ऑगस्ट

छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस. ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सची अट होती की चित्रपट सिनेमास्कोपमध्ये हवा. क्लेटनला इतकी रुंद चौकट नको होती, कारण त्याला कोंडलेपण हवं होतं. फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा हाताने रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू काळवंडून टाकल्या. रुंदी कागदावर राहिली, उजेड मात्र मधल्या भागापुरता. परिणाम असा की प्रेक्षकाचे डोळे सतत कडेच्या अंधारात काहीतरी शोधत राहतात आणि काही नसतानाही आकार जुळवतात. रात्री मेणबत्त्या घेऊन गिडन्स घरभर फिरते आणि कुजबुज ऐकते, त्या प्रसंगात मी दोनदा रिवाइंड करून एका कोपऱ्यात कोणी आहे का ते पाहिलं. गिडन्स जे करते तेच आपल्याकडून करवून घेतलं जातं.

संकलक जिम क्लार्कचे लांबच लांब डिझॉल्व्ह याच जातीचे. एक प्रतिमा जायच्या आत दुसरी येते, कधी तिसरीही त्यात मिसळते. पडद्यावर काही क्षण खरोखरच एकमेकांतून आरपार दिसणारी माणसं असतात, आणि ती भुतं नसतात.

५ ऑगस्ट

अश्रू. अभ्यासिकेत मिस जेसल मेजाशी बसून रडते आहे. गिडन्स पुढे होते, जेसल नाहीशी होते, आणि मागे एक ओला थेंब उरतो. गिडन्स त्याला बोट लावते.

'मागे काय राहिलं' या रकान्यातली ही एकमेव ठोस नोंद. भुतं खरी मानणाऱ्यांना इथे टाळी द्यावीशी वाटेल, आणि त्यांना तो हक्क आहे. दुसऱ्या बाजूने एवढंच सांगता येतं की थेंबही फक्त गिडन्सनेच पाहिला आणि खोलीत ती एकटीच होती. मला हे उत्तर अपुरं वाटतं, तरी ते खोडून काढता येत नाही. आणखी एक गोष्ट या प्रसंगात कोणत्याही बाजूची नाही: हे भूत कोणाला घाबरवायला आलेलं नाही. फसवली गेलेली, एकटी पडलेली, अखेर तळ्यात जीव दिलेली एक शिक्षिका आपल्या जुन्या जागी बसून रडते आहे, आणि तिच्या समोर तिच्याच जागेवर आलेली दुसरी एकटी बाई उभी आहे.

११ ऑगस्ट

गेले काही दिवस तक्ता बाजूला ठेवून फक्त मिसेस ग्रोसचे संवाद ऐकले. मेग्स जेंकिन्सचं काम पहिल्यांदा पाहताना नजरेआड होतं. चित्रपटात ज्या गोष्टींना कोणीही आव्हान देत नाही त्या सगळ्या हिच्या तोंडून, ओढून काढल्यासारख्या, बाहेर येतात. क्विंटने घरावर सत्ता गाजवली. जेसलला त्याने मारलं, अपमानित केलं, आणि तरी ती त्याच्यामागे गेली. दोघांचे संबंध दिवसाढवळ्या, खोल्यांची दारं उघडी, मुलं आसपास. माइल्स क्विंटच्या मागे मागे फिरायचा. क्विंट बर्फाळलेल्या पायऱ्यांवर पडून मेला. हे सगळं घरातल्या लोकांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही, काकाला तर ऐकायचंच नव्हतं.

म्हणून मला 'खुळी, दबलेली बाई' हे वाचन पुरेसं वाटत नाही. ते गिडन्सला झोडून मोकळं होतं आणि तिच्या आधी या घरात जे झालं ते पुसून टाकतं. माइल्स झोपण्याआधी गिडन्सच्या ओठांचं चुंबन घेतो, एखाद्या पुरुषाने घ्यावं तसं. त्याच्या उशीखाली मान मुरगळलेलं कबूतर आहे. फ्लोरा फुलपाखरू खाणाऱ्या कोळ्याकडे कौतुकाने पाहते, आणि तळ्याच्या प्रसंगानंतर तिच्या तोंडून असे शब्द येतात की मिसेस ग्रोस हादरून जातात. यातल्या कशालाही भूत लागत नाही. मोठ्यांनी मुलांसमोर जे केलं ते मुलांच्या अंगात मुरलं आहे, आणि त्याबद्दल बोलायला त्यांना कोणी माणूस मिळालेला नाही.

भुतांबद्दल चित्रपट गप्प आहे. मुलांचं काय झालं याबद्दल तो गप्प नाही. तक्त्याला आज एक रकाना जोडला: 'ज्याबद्दल शंका नाही'. तो सर्वांत लांब झाला आहे.

गिडन्सचंही मला न्यायाने लिहायचं आहे. या घरात काहीतरी भयंकर घडलंय हे ओळखणारी, आणि ते मनावर घेणारी, ती पहिली माणूस आहे. तिचं निदान चुकलं असेल, काळजी खोटी नाही.

१७ ऑगस्ट

शेवट. फ्लोराला घेऊन मिसेस ग्रोस निघून गेल्या आहेत, घरात माइल्स आणि गिडन्स. काचेच्या हरितगृहात, दमट उकाड्यात, ती त्याला विचारत राहते. तो खचत जातो, मग उसळून तिला घाणेरड्या शिव्या देतो, आणि त्याच्या मागे काचेपलीकडे क्विंटचा चेहरा हसत असतो. माइल्स फ्लोराचं कासव काचेवर भिरकावून बाहेर पळतो. पुतळ्यांनी वेढलेल्या बागेत ती त्याला गाठते. त्याचं नाव घे, एवढंच तिचं मागणं. माइल्स नाव ओरडतो, चहूकडे पाहतो. त्याला कोणी दिसलं का, हे कॅमेरा सांगत नाही.

आणि मग तो शॉट: वरून, क्विंटच्या पाठीमागून, चौकटीत त्याचा हात आणि खाली मूल. गिडन्स जिथे आहे तिथून हे दिसणं शक्य नाही. आतापर्यंत आपण तिच्या चेहऱ्यामागून भुतांपर्यंत गेलो, इथे भूत आपल्याच बाजूला उभं आहे आणि ती खाली. 'भास' बाजूला याचा खुलासा देता येईल का? देता येतो: सगळंच त्या गुंफलेल्या हातांच्या बाईची आठवण असेल, तर वरून पाहणारा क्विंटही तिनेच रचलेला. पण मग मनोऱ्यापासून पाळलेला नियम क्लेटनने ऐन शेवटी का मोडला? मी हा शॉट पहिल्या रकान्यात 'कोणाचाही नाही' असा नोंदवला आहे आणि तसाच ठेवणार आहे.

माइल्स कोसळतो. आता तू सुटलास, असं ती त्याला सांगत राहते, आणि मग तिला कळतं. ती त्याच्या ओठांचं चुंबन घेते. त्याने त्या रात्री घेतलं होतं त्याचंच हे दुसरं टोक.

मरण कशाने आलं यावर पुन्हा वाद होईल. क्विंटने नेलं म्हणा किंवा भीतीने हृदय थांबलं म्हणा, दोन्ही वाचनांत एका मुलावर एक नाव उच्चारायची सक्ती केली गेली आणि ते उच्चारताच ते मूल गेलं.

२३ ऑगस्ट

कार्यक्रमाची रचना ठरली. चित्रपट मध्ये न थांबवता पूर्ण दाखवायचा. खोलीला जाड पडदे लावायचे, नाहीतर फ्रान्सिसने काळवंडलेल्या कडा राखाडी दिसतील. सुरुवातीला पडदा काळा असताना कोणी दिवे लावू नयेत हे दाराशीच सांगायचं.

चर्चेच्या आधी हात वर करायला लावायचे नाहीत. मनोरा, माळा आणि खिडकी हे तीन तुकडे ओळीने पुन्हा दाखवायचे आणि भिंतीवरचा कागद उघडायचा. मग शेवटचा वरून घेतलेला शॉट. भुतांकडे वळण्याआधी 'ज्याबद्दल शंका नाही' हा रकाना मोठ्याने वाचून घ्यायचा, आणि पहिला प्रश्न माइल्सबद्दल ठेवायचा: शाळेतून आल्यापासून शेवटपर्यंत, उत्तर आधीच ठरवून न ठेवता, त्याला कोणी काही विचारलं का?